औषधांच्या नाल्यात पोसले जाणारे जंतू

मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगररांगेत उगम पावते, लातूर ओलांडून बीदरकडे जाते आणि पुढे तेलंगणात उतरते. तेथे संगारेड्डी जिल्ह्यात नक्कावागू तिला मिळतो. तेलुगूत वागू म्हणजे ओढा. या नक्कावागूत येऊन पडणारा इसकावागू हा आणखी एक ओढा पटानचेरूच्या औद्योगिक वसाहतीजवळून वाहत येतो. पुणे-हैदराबाद महामार्गावरचे हे पटानचेरू जगभरच्या शास्त्रज्ञांना दोन कारणांनी ठाऊक आहे. कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ साली येथे स्थापन झाली, हे पहिले कारण. दुसरे कारण या इसकावागूचे पाणी.

२००७ साली स्वीडनमधील गोथेनबर्गच्या शास्त्रज्ञांनी पटानचेरूच्या सामायिक सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे पृथक्करण प्रसिद्ध केले. सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी या केंद्रात येत होते आणि शुद्धीकरणाचा सोपस्कार उरकून ते ओढ्यात सोडले जात होते. या ‘शुद्ध’ पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे प्रमाण दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. या औषधाची गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात औषध ज्या प्रमाणात उतरते, त्यापेक्षाही हे प्रमाण अधिक होते. कित्येक जातींच्या जीवाणूंना मारक ठरणाऱ्या मात्रेशी तुलना केली, तर ते हजारपटींहून जास्त होते. त्या एका केंद्रातून एका दिवसात सुमारे ४५ किलो सिप्रोफ्लॉक्सासिन वाहून जात असल्याचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला. अर्ध्या ग्रॅमची गोळी धरली तर या नव्वद हजार गोळ्या झाल्या. नव्वद लाख वस्तीच्या स्वीडनला एवढे औषध पाच दिवस पुरत होते.

ज्या देशात लाखो कुटुंबे पूर्ण मात्रेच्या गोळ्यांना पैसे नाहीत म्हणून निम्म्याच गोळ्या घेऊन घरी परततात, त्या देशात हे घडत होते.

पुढे २००९ साली त्याच परिसरातील तळी व विहिरी तपासण्यात आल्या. सहा गावांच्या विहिरींत औषधांचे अंश सापडले, तर एका तळ्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरला साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत गेले होते. मासे मेले, जनावरांनी पाण्याला तोंड लावणे सोडले, भातशेती नासली, अशा तक्रारी गावकरी त्याच्या कितीतरी आधीपासून करीत होते. त्यांच्या पाण्याची दखल घेण्यासाठी परदेशी प्रयोगशाळेतील यंत्राची साक्ष लागावी, ही आपल्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेवरील पुरेशी बोलकी टीका आहे.

परंतु मासे मेले आणि पीक गेले, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. पारा, शिसे किंवा कीटकनाशक पाण्यात मिसळले तर ते विष असते आणि अंतर वाढेल तसा त्याचा जोर सामान्यतः ओसरत जातो. प्रतिजैविकाची गोष्ट निराळी आहे. ते पाण्यातील सजीवांना नुसते मारीत नाही, तर त्यांच्यात निवड करते. ओढ्याच्या गाळात चिमूटभर मातीमागे अब्जावधी जीवाणू असतात. औषधाच्या माऱ्याने त्यांतील बहुतेक नष्ट होतात. ज्या मोजक्या जीवाणूंकडे त्या औषधाला निष्प्रभ करणारे जनुक असते ते तगतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत झपाट्याने वाढतात. त्यातही गोम अशी की, हे जनुक पुष्कळदा प्लास्मिड नावाच्या एका लहानशा वर्तुळाकार धाग्यावर असते आणि जीवाणू हा धागा शेजारच्या जीवाणूला देऊ शकतात. तो शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी चालते. मातीतील निरुपद्रवी जीवाणूकडील जनुक अशा रीतीने मूत्रमार्गाचा वा फुप्फुसाचा रोग करणाऱ्या जीवाणूपर्यंत पोहोचू शकते. एकाच धाग्यावर पाच-सहा वेगवेगळ्या औषधांचे प्रतिरोध एकत्र गुंफलेले असले, तर त्यांपैकी एका औषधाच्या दबावाने ते सगळेच टिकून राहतात.

विष वाहत गेले की पातळ होते. जंतू वाहत गेले की वाढतात.

आता पटानचेरूच्या शुद्धीकरण केंद्राकडे पुन्हा पाहावे. सांडपाणी शुद्ध करण्याची रूढ पद्धत स्वतःच जीवाणूंवर अवलंबून असते. टाकीत हवा खेळवून जीवाणूंची दाट वस्ती राखायची आणि त्यांच्याकडून सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य खाऊन टाकायचे, असे हे तंत्र आहे. औषधी सांडपाण्यात जीवाणू नीट जगत नाहीत, म्हणून या केंद्रात सुमारे वीस टक्के घरगुती मैलापाणी मिसळले जात असे. अभियंत्याच्या दृष्टीने हा व्यवहारी तोडगा होता. जीवशास्त्राच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा होता की, माणसाच्या आतड्यातले जीवाणू दररोज आणून प्रतिजैविकांच्या हौदात सोडायचे, त्यांतून टिकणारे निवडायचे आणि त्यांना ओढ्यात वाट करून द्यायची. प्रतिरोधी जंतू तयार करण्याचा कारखाना कोणी मुद्दाम उभारला असता, तर त्याची रचना याहून फारशी वेगळी झाली नसती. पुण्यातील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या केंद्रातून वेगळे काढलेले जीवाणू एकोणचाळीस प्रतिजैविकांविरुद्ध तपासले गेले. त्यांतील ८६ टक्के वाण वीस किंवा त्याहून अधिक औषधांना दाद देत नव्हते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा लेख औषध उद्योगाविरुद्ध नाही. प्रतिजैविके या देशात बनू लागली ही भारतीय जनतेची मोठी कमाई होती आणि ती सहजासहजी हाती आली नव्हती. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना सार्वजनिक क्षेत्रात उभा राहिला. १९६१ साली सोव्हिएत साहाय्याने इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्सची स्थापना झाली आणि तिचे कारखाने ऋषिकेश व हैदराबाद येथे निघाले. पाश्चात्य मक्तेदार कंपन्या ठरवतील त्या भावाने औषध विकत घेण्याची सक्ती यामुळे सैल पडली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील पेटंट रद्द करून केवळ प्रक्रियेवरील पेटंट मान्य केले आणि उरलेले दडपणही दूर झाले. हैदराबादच्या सार्वजनिक कारखान्यात शिकून तयार झालेल्या रसायनतज्ज्ञांनीच पुढे त्या शहराभोवती खाजगी औषध उद्योग उभा केला. जनतेच्या पैशाने निर्माण झालेले ज्ञान खाजगी नफ्याच्या भांडवलात गेले. त्या बदल्यात जनतेला स्वस्त औषध मिळाले हे खरे. पण त्याबरोबर ओढाही मिळाला. सार्वजनिक कंपनी मात्र आजारी पाडण्यात आली, आणि २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने ती बंद करण्याचा निर्णय घेतला.

मूळ औषधी द्रव्यांच्या धंद्यात किलोमागे काही रुपयांच्या फरकावर कंत्राटे मिळतात आणि जातात. अशा स्पर्धेत सांडपाण्यातून औषध वेगळे काढण्याचा खर्च हा मालकाच्या लेखी निव्वळ तोटा ठरतो. तो वाचवला की खर्च नाहीसा होत नाही; तो ओढ्याकाठच्या शेतकऱ्याच्या आणि दूरच्या कुठल्यातरी इस्पितळातील रुग्णाच्या नावावर जातो. सामायिक शुद्धीकरण केंद्राची व्यवस्थाही या हिशेबाला सोयीची आहे. नव्वद नळ एका टाकीत आले की कोणत्या नळातून काय आले याचे उत्तर कोणालाच द्यावे लागत नाही. जबाबदारी सामायिक झाली, म्हणजे ती कोणाचीच राहिली नाही.

न्यायालयीन लढ्याची कथा थोडक्यात सांगता येते, कारण तिच्यात वर्षे पुष्कळ आणि घटना थोड्या आहेत. १९९० साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. तेथून ती उच्च न्यायालयाकडे आणि तेथून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली. न्यायाधिकरणाचा निकाल २०१७ साली लागला. याचिका दाखल झाली त्या वर्षी जन्मलेले मूल तोवर सत्तावीस वर्षांचे झाले होते. मधल्या काळात पटानचेरूचे सांडपाणी अठरा किलोमीटर लांबीच्या नळवाहिनीने हैदराबाद शहरातील अंबरपेटच्या मैलाशुद्धीकरण केंद्रापर्यंत नेऊन, शहराच्या मैलापाण्यात मिसळून, मुसी नदीत सोडण्याची योजना अंमलात आली. इसकावागूकाठच्या गावांना काही दिलासा मिळाला असेल. पण जंतू आणि औषध यांची गाठ घालून देण्याचा जो दोष पटानचेरूच्या टाकीत होता, तोच आता महानगराच्या प्रमाणावर करण्यात आला.

आता सरकारी धोरणाकडे वळू. २०१७ साली केंद्र सरकारने प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात रुग्ण, डॉक्टर, पशुपालन आणि पर्यावरण या सर्वांचा उल्लेख होता. प्रत्यक्षात सरकारी जाहिरातींचा सारा रोख राहिला तो रुग्णावर. डॉक्टरांना न विचारता गोळी घेऊ नका, अर्धवट सोडू नका, उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नका. सल्ला चुकीचा नाही. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनीही १९४५ सालीच अपुऱ्या मात्रेच्या धोक्याचा इशारा दिला होता. परंतु जो मजूर दिवसाचा रोज बुडवून सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहू शकत नाही आणि म्हणून औषधांच्या दुकानातून दोन गोळ्या घेऊन कामावर जातो, त्याला गुन्हेगार ठरवणारी सत्ता दररोज नव्वद हजार गोळ्या ओढ्यात सोडणाऱ्यांपुढे मात्र विलक्षण सौजन्याने वागते.

या सौजन्याचा लेखी पुरावा उपलब्ध आहे. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी नव्या मानकांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात शंभराहून अधिक प्रतिजैविकांच्या उरलेल्या अंशांसाठी कमाल मर्यादा घालून दिल्या होत्या. ज्या देशात जगाला पुरवठा करणारा औषध उद्योग आहे त्या देशाने असे पाऊल टाकणे ही मोठी गोष्ट होती आणि तिची जगभर वाखाणणी झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा या मर्यादा तिच्यातून नाहीशा झालेल्या होत्या. दीड वर्षात जीवाणूंचे जीवशास्त्र बदलले नव्हते. बदलले ते काय, हे प्रत्येकाने ओळखावे.

मालकांच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो नजरेआड करता येणार नाही. कारखान्याच्या नाल्यातील प्रतिरोधी जनुके गावकऱ्यांच्या शरीरात शिरली याचा पुरावा काय, असे विचारले जाते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याची तपासणी झाली. प्रदूषित गाळात क्विनोलोन गटाच्या औषधांना रोखणारी जनुके मोठ्या प्रमाणावर सापडली, परंतु प्रदूषित गावांतील माणसांच्या विष्ठेत ती दूरच्या गावांपेक्षा जास्त असल्याचे दिसले नाही. मालकांचे वकील येथे थांबतात. त्याच अभ्यासातील पुढचा आकडा ते वाचीत नाहीत. भारतातील नमुन्यांपैकी ९१ टक्क्यांत ही जनुके होती, स्वीडनमधील नमुन्यांत २४ टक्क्यांत. म्हणजे दूरची गावे निर्दोष होती म्हणून फरक दिसला नाही, असे नव्हे. ही जनुके माणसाकडून माणसाकडे, मैल्यातून पाण्याकडे आणि पाण्यातून पोटाकडे इतकी पसरलेली होती की, नाल्याजवळ आणि नाल्यापासून दूर असा भेदच उरला नव्हता.

याचा अर्थ असा की प्रश्नाला दोन टोके आहेत. एका टोकाला कारखाना आहे. तेथे औषधाच्या दाबाखाली नवी जनुके वर येतात, एकत्र गुंफली जातात आणि बाहेर पडतात. दुसऱ्या टोकाला आपली मोडकी मलनिस्सारण व्यवस्था आहे; बाहेर पडलेल्या जनुकांना ती वस्तीवस्तीत पोहोचवते. दिल्लीत २०११ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या तपासणीत रस्त्यांवर व गटारांत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये एनडीएम-१ हे जनुक आढळले. अतिगंभीर रुग्णांसाठी राखून ठेवलेल्या औषधांना हे जनुक निकामी करते. त्या जनुकाला नवी दिल्लीचे नाव दिल्याबद्दल सरकारी वर्तुळात मोठा संताप व्यक्त झाला. भारतातील वैद्यकीय पर्यटनाविरुद्धचे हे कारस्थान आहे असेही बोलले गेले. नाव देण्याच्या पद्धतीबद्दलचा आक्षेप योग्य होता. पण नळाच्या त्या दोन नमुन्यांबद्दल तेवढा संताप ऐकू आला नाही.

जीवाणूंच्या प्रतिरोधामुळे २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील मोठा वाटा गरीब देशांचा आहे. जन्मानंतर काही दिवसांत रक्तदोषाने दगावणारी अर्भके, बाळंतिणी, शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळलेले कामगार, क्षयाचे रुग्ण यांची ही मोजदाद आहे. ३० जून २०२५ रोजी पटानचेरूच्याच पट्ट्यात, पाशमैलारम येथील औषधी कच्चा माल बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक कामगार प्राणास मुकले. त्यांतील बरेच जण परप्रांतांतून पोटासाठी आलेले होते. त्या मृत्यूंना निदान तारीख आहे, स्थळ आहे, नुकसानभरपाईच्या वाटाघाटी आहेत. औषध लागू न पडल्याने गेलेल्या अर्भकाच्या दाखल्यावर नाल्याचे नाव लिहिले जात नाही.

काही करता येते, हेही दिसले आहे. केरळमध्ये त्या वेळच्या डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने २०१८ साली राज्याचा स्वतंत्र कृती आराखडा आखला. राज्यपातळीवरचा असा तो देशातील पहिला होता. २०२४ च्या प्रारंभी चिठ्ठीवाचून प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांवर तेथे तपासणीची मोहीम सुरू झाली. चिठ्ठीची सक्ती केरळात अन्यायाची ठरली नाही, कारण तेथे चिठ्ठी देणारा सरकारी डॉक्टर गावाजवळ होता. प्राथमिक आरोग्य केंद्राला कुलूप असलेल्या राज्याने या मोहिमेची नक्कल केली, तर तो कारभार केवळ पोलिसी राहील.

पाश्चात्य देशांची भूमिकाही येथे तपासली पाहिजे. पटानचेरूचा अभ्यास स्वीडिश शास्त्रज्ञांनी केला, याचे एक कारण त्यांच्या बाजारातील कित्येक औषधांचे मूळ द्रव्य भारतातून जात होते. गोळी स्टॉकहोमला, गाळ इसकावागूला, अशी ही श्रमविभागणी आहे. स्वतःच्या नद्यांचे रक्षण करणारे कडक कायदे करायचे आणि ज्या किमतीत नदीचे रक्षण होऊच शकत नाही त्या किमतीत दुसऱ्याच्या नदीकाठचा माल उचलायचा, हा दुटप्पीपणा शास्त्रज्ञांनीच उजेडात आणला, हे त्यांच्या श्रेयाचे. नॉर्वेच्या रुग्णालयांच्या खरेदीत २०१९ पासून प्रतिजैविके निवडताना उत्पादनाच्या पर्यावरणीय परिणामांनाही गुण दिले जाऊ लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविक कारखान्यांच्या सांडपाण्याविषयी पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती कोणावरही बंधनकारक नाहीत.

दरम्यान भारतात या उद्योगाचा नवा अध्याय सुरू झाला आहे. मूळ औषधी द्रव्यांसाठी चीनवर असलेले अवलंबित्व कमी करावे म्हणून २०२० साली केंद्राने योजना आखली आणि २०२२ साली गुजरात, हिमाचल प्रदेश व आंध्र प्रदेश येथील तीन औषध उद्योग संकुलांना मंजुरी दिली. प्रत्येक संकुलातील सामायिक सुविधांसाठी एक हजार कोटी रुपयांपर्यंत केंद्रीय मदत ठरवण्यात आली. स्वावलंबनाचे हे उद्दिष्ट योग्यच आहे. पिंपरी आणि ऋषिकेश त्याच उद्दिष्टासाठी उभे राहिले होते. पण या सामायिक सुविधांत पुन्हा सामायिक सांडपाणी केंद्र आहे. जनतेचा पैसा घालून बांधलेल्या या टाक्यांत पाणी शिरण्यापूर्वी, प्रत्येक कारखान्याच्या फाटकाशी प्रतिजैविकांचे प्रमाण मोजले जावे. २०२१ साली वगळलेल्या मर्यादा तेथे लागू व्हाव्यात. औषधी सांडपाण्यात मैलापाणी मिसळण्यास बंदी असावी. आणि रोजच्या मोजणीचे आकडे कामगार संघटनांना व आसपासच्या ग्रामपंचायतींना त्यांच्या भाषेत मिळावेत. भडोच, उना आणि आंध्रच्या किनारपट्टीवरील कामगार संघटनांनी व किसान सभांनी ही मागणी संकुलांतील नळ जोडले जाण्यापूर्वीच लावून धरली पाहिजे. पटानचेरूच्या गावकऱ्यांना ती संधी मिळाली नव्हती.